खेकड्यांची साक्ष

समुद्रापासून इतक्या लांब जन्मून मी समुद्री जीवशास्त्रज्ञ झाले. आमचं गाव देवगाव रंगारी. तिथं समुद्र म्हणजे शाळेच्या भिंतीवरच्या नकाशातला निळा रंग, आणि त्याचेही ओलीने पोपडे निघालेले. औरंगाबादच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र घेतलं ते गणित टाळायला. प्रयोगशाळेतल्या बरणीत एक समुद्री खेकडा होता, औषधात राहून पांढराफटक पडलेला. त्याचे पाय वहीत काढता काढता मी अशी नादी लागले की पुढचं सगळं आयुष्य कोकणातल्या चिखलात गुडघाभर उतरून त्याच्या भाऊबंदांची मोजदाद करण्यात गेलं. याचा पगार मिळायचा, हे विशेष.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. घर माळकरी. मासा हा शब्दही आमच्याकडे हळू आवाजात उच्चारायचे. मग त्यांनी गावाला सांगून टाकलं की लेक पाटबंधारे खात्यात मोठी अधिकारी आहे. मी सुट्टीला आले की ओट्यावर माणसं जमायची. कालवा कधी सुटणार, बोअर कुठं घ्यावी. मी तोंड उघडलं की आबा खाकरायचे. सुरुवातीला मला हसू यायचं, नंतर वाईट वाटायला लागलं. आबांनी चार माणसांत एकदा, एकदाच म्हणावं की माझी लेक खेकड्यांचा अभ्यास करते, एवढीच माझी इच्छा होती. डॉक्टरेट मिळाली, परदेशात निबंध वाचला, पण ते काही जमलं नाही.

शेवटी ते जमवलं विहिरीने.

विहीर आबांच्या आणि त्यांच्या धाकट्या चुलत भावाच्या सामाईक मालकीची. पाणी स्वच्छ राहावं म्हणून तिच्यात मासे सोडलेले. त्यांना खाणारं कुणी नसल्यामुळे ते चांगले हातभर वाढले होते. एका पावसाळ्यात ते सगळे सकाळी पोट वर करून तरंगताना दिसले. दोन्ही घरांचं बोलणं बंद होतंच. काकांनीच विष टाकलं, हे आबांनी ठरवून टाकलं. निजामी राजवटीत चार इयत्ता उर्दूतून शिकलेले आबा भांडणात नेहमी कोर्टाच्या भाषेत शिरायचे. फोनवर एवढंच म्हणाले, "तू ये. सबूत पायजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोचले. विहिरीभोवती निम्मं गाव. एका बाजूला काका मान खाली घालून उभे. आणि आबा भर गर्दीत म्हणाले, "ही माझी लेक. मासं, खेकडं, समद्या पाण्यातल्या जिवांची डॉक्टर हाय. ही सांगंल तेच खरं."

इतकी वर्षं ज्या वाक्याची वाट पाहिली, ते हे असं आलं. तरीही मी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. मागून कुणीतरी विचारलं, "मंग पाटबंधारे?" आबांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

मी पायऱ्या उतरले. कपारींतले खेकडे बाहेर येऊन मेले होते. पाण्यावरचे किडेही. नुसता प्राणवायू संपला असता तर मासे गेले असते, पण खेकडा वर येऊन हवेवर तग धरतो. खेकडे आणि किडे दोन्ही मेले म्हणजे कीटकनाशक. मी तसं मोठ्याने सांगितलं. आबा खूश झाले. "बोल आता," ते काकांना म्हणाले.

मग मी काठावर येऊन ओघळ शोधला. आमच्या बाजूच्या धुण्याच्या दगडावर पांढरट डाग होते आणि उग्र वास. तिथून पाण्याची वाट सरळ विहिरीत. शेजारी कपाशीवर फवारायचा आमचा पंप उपडा वाळत ठेवलेला. स्वच्छतेच्या बाबतीत आबा फार काटेकोर.

'नक्की सांगता येत नाही' हे आम्हा शास्त्रज्ञांचं आवडतं वाक्य. मी ते शेकडो अहवालांत लिहिलं आहे. तेव्हाही तेच म्हटलं असतं तर आबांची लाज राखली गेली असती आणि मीही त्यांची डॉक्टर राहिले असते. पण ते पाणी दोन्ही घरं पीत होती, आणि काकांची मान अजून खालीच होती.

"आबा, पंप इथं कोण धुतं?"

"मीच. दुसरं कोण धुणार?" ते म्हणाले, आणि त्यांची नजर दगडावरच्या डागांकडे गेली.

विष आमच्या पंपातून गेलंय, विहीर उपसायची, तोवर कुणी पाणी प्यायचं नाही, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. काका पाणी उपसायची मोटार आणायला गेले. आबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्यासमोर मीठ असलं तरी ते आईकडे मागायचे.

निघायच्या दिवशी मात्र पिशवी उचलून एसटीपर्यंत आले. थांब्यावर पलीकडच्या वस्तीवरचे एक म्हातारे बसले होते. विहिरीची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली नसावी. मला म्हणाले, "काय बाई, औंदा कालवा कधी सोडता?"

मी सवयीने आबांच्या खाकरण्याची वाट पाहिली.

"तिला काय इचारतो," आबा म्हणाले. "ती खेकड्याची डॉक्टर हाय. बापाची बी भीड धरत नाय."

गाडी हलल्यावर मी खिडकीतून त्यांचा चेहरा निरखून पाहिला. ते रागाने बोलले की कौतुकाने, नक्की सांगता येत नाही.