छबीचा खो

शाळेची खिचडी शिजवताना मला खिडकीतून मैदान दिसतं. महेश याच मैदानात खो-खो शिकला. पुढे कॉलेजात त्याचं एवढं नाव झालं की त्याचा सामना बघायला गावातून टेम्पो भरून माणसं जायची. आता तो इथल्या पोरींना शिकवायला परत आला आहे.

काल रांगेत एक पोरगी कमी होती, म्हणून तिच्या जागेवर तो स्वतःच बसला. छबी धावत त्याच्या मागे आली. ही पोर फार हळू बोलते. खो ऐकू आला नाही तर संघात घेणार नाहीत, हे तिला माहीत होतं. तिने त्याच्या पाठीला हात लावला आणि काहीतरी पुटपुटली.

महेश हलला नाही.

"अगं छबे, सर झोपले वाटतं!" पोरी हसल्या.

तो मागे न बघता म्हणाला, "खो मिळाल्याशिवाय मला उठता येत नाही गं. आता तूच उठव."

ढवळता ढवळता माझा हात थांबला.

"खो!"

आणि तो सुटला. पुढची पोरगी वळायच्या आत त्याने तिला शिवलं. माणूस असा पळताना मी कधी पाहिला नव्हता.

छबी खेळाच्या रीतीप्रमाणे त्याच्या जागेवर बसली होती, डोळे मोठे करून. एवढा मोठा माणूस तिच्या एका शब्दासाठी मातीत बसून राहिला होता.

आज जेवताना तिने ताट पुढे केलं. "मावशी, अजून वाढा!"

सगळी पंगत वळून बघायला लागली.