पेंटेकॉस्टची साक्ष

साक्ष द्यायला मला फार आवडायचं, खोटं कशाला बोलू! पिंपरीत औषधांचा कारखाना नवा निघाला, तेव्हा मी बायकोमुलांसह नगरकडून नोकरीला आलो आणि चिंचवडात एका शेतकरी बाईंच्या घरची पुढची खोली भाड्यानं घेतली. चर्च खडकीला, लांब. म्हणून आमची पाच-सहा ख्रिस्ती कुटुंबं रविवारी दुपारी माझ्याच खोलीत जमत. प्रार्थना झाली की एकेकानं उठून प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं, हीच साक्ष.

त्या वर्षी सांगण्यासारखं होतंही. ईस्टरच्या आदल्या दिवशी मी कामावर असताना आमच्या धाकटीला तापात आकडी आली. दुसऱ्या सकाळी तिनं डोळे उघडून भाकरी मागितली. प्रभूच्या पुनरुत्थानाच्या सकाळी! तेव्हापासून दर रविवारी मी हेच सांगत होतो, आणि दर खेपेला मीठमसाला वाढत होता.

ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या पेंटेकॉस्टच्या सणाला तर मला चेवच आला. खडकीच्या चर्चचे पाळकसाहेब आले होते, आमच्या मंडळीला पुढारी नेमायला. तो मान मला हवा होता.

"या परक्या गावात," मी गळा काढला, "प्रभूशिवाय आमचं कोणी, कोणीच नव्हतं!"

दारात घरमालकीण मावशी उभ्या होत्या. सगळ्यांसाठी ताकाची कळशी घेऊन आल्या होत्या.

"कुनीच न्हवतं? काय वं भाऊ, मग गाडी कुनी जुपली? पोरीची आय हातपाय गाळून बसलेली. डागदरकडं पोरीला मांडीवर घिऊन कोन गेलं? आमी कुनीच न्हाई व्हय?"

कळशी उंबऱ्यात ठेवून त्या गोठ्याकडे निघून गेल्या.

मी हादरलो. अरे देवा, सात आठवडे तुझ्या नावानं बडबडतोय आणि या बाईचा एकदाही उल्लेख नाही! बायकोनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोरीला उचललं आणि मावशींच्या मागे गेली.

मीही धावलो. "मावशी, चुकलो. पाया पडतो."

त्या म्हशीला वैरण टाकत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "माझ्याफुडं कशाला? त्यांच्याफुडं बोला की."

पाळकसाहेबांसमोर! मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोलीत परतलो. सगळ्यांपुढे उभा राहिलो आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो, गाडी कोणी जुंपली तिथून.