विचारून लावलेला हात

दार सताड उघडं असलं तरी ती कडी वाजवायची. वाजवून उंबऱ्याबाहेर उभी राहायची. "येऊ का?" आतून कोणी "या" म्हणेपर्यंत पाय आत टाकत नसे. हिंदी मुलखातल्या आमच्या तात्यापारा वस्तीत गल्ली एवढी अरुंद, की एका घरी फोडणी पडली की दुसऱ्या घरी शिंका येतात. तिथे कोण कोणाला विचारतं? मला आधी वाटलं, बाई नाटकी आहे.

गल्ली तिला सिस्टर म्हणायची. दवाखान्यातून रिटायर होऊन ती एका नर्सिंग कॉलेजात पोरींना शिकवत होती. आमच्या शेजारी एकटी राहायची. अंगाने भरलेली, चालली की फरशी सांगायची.

तिच्याकडे शिकणाऱ्या पोरींनीच मला एक गोष्ट सांगितली. कॉलेजात शिकायला प्लास्टिकची एक मोठी बाहुली होती, पलंगावर निजवलेली. एका पोरीने सरळ जाऊन तिचा हात उचलला. सिस्टर मागून ओरडली, "पूछा क्या?"

"मैडम, ये तो प्लास्टिक की है."

"वो प्लास्टिक की है. तू तो नहीं है ना?"

त्या पोरीला बाहुलीची परवानगी घ्यावी लागली. बेशुद्ध माणसालाही सांगायचं, असं तिचं म्हणणं. काय करणार ते सांगायचं, घटकाभर थांबायचं, मग हात लावायचा. "कान सगळ्यात शेवटी झोपतात," ती म्हणायची.

माझी तिच्याशी खरी गाठ पडली ती मी अंगणात घसरून मांडीचं हाड मोडून घेतलं तेव्हा. ऑपरेशन होऊन घरी आले आणि खाटेला खिळले. भांडं देण्यापुरतं सुनेला चालवून घेतलं, तेही डोळे मिटून. पण अंग पुसायला तिने माझं लुगडं सोडलं तेव्हा मी तिचा हात झिडकारला. जन्मभर नवऱ्यापुढेही दिवा मालवून राहिलेली बाई मी. आता दिवसाढवळ्या सुनेपुढे उघडी पडू? त्यापेक्षा वास आलेला बरा. आणि वास येत होता, खोटं कशाला सांगू.

सिस्टर आली. कडी वाजली. "पाठ बघू का, मावशी?"

पाठ बघू दिली. तिने बोट दाबून पाहिलं. "माकडहाडापाशी लाल झालं. दाबलं तरी लाली जाऊन नाही राहिली. कूस बदलली नाही, अंग स्वच्छ, कोरडं ठेवलं नाही, तर कातडी फुटल. मग जखम हाडापर्यंत जाते. अंग पुसू का?"

"नाही."

"बरं. कूस तरी बदलू का?"

"बदल."

सून वैतागली. "सिस्टर, धरून करून टाका ना! त्या काय ऐकतात?"

"धरून म्हशी धुतात, सूनबाई."

ती रोज यायची, रोज विचारायची. मी रोज नाही म्हणायची. कधीतरी ही फसवून चादर ओढेल, याची मी वाटच पाहत होते. तिने ओढली नाही. कूस बदलायला पोरींना आणायची. एकीने मला असं लोटलं की मी भिंतीला जाऊन टेकले. सिस्टर म्हणाली, "भनपुरीच्या गोदामात पोते उचलते का तू?" हाड दुखत असूनही मला हसू आलं.

मग एक दिवस तिने पाठ पाहिली, बोट दाबलं, पुन्हा दाबलं. तेव्हा मी घाबरले.

"फुटलं का?"

"अजून नाही. पण आता वेळ नाही, मावशी." असं म्हणून ती समोर सुनेच्या पलंगावर स्वतःच आडवी झाली. गळ्यापर्यंत चादर ओढली. सोबत आलेल्या पोरीला म्हणाली, "चल, मुझे पोंछ. मावशी, तुम्ही फक्त पाहा."

पोरीने कोपर बुडवून पाणी पाहिलं. फडक्याची टोकं मुठीत दुमडून घेतली, थेंब गळू नये म्हणून. आधी तोंड, साबण न लावता. मग चादरीतून एक हात बाहेर काढला, धुतला, कोरडा केला, झाकला. मग दुसरा. मग पाय. एवढी मोठी बाई धुऊन निघाली आणि मला काही दिसलं नाही.

"काही दिसलं का?" तिने विचारलं.

"पोट दिसलं. चादरीखाली डोंगर."

सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्याने तीच हसली, पलंग करकरला. मग उठून माझ्यापाशी आली. "पुसू का?"

"पूस. पाणी गार लागलं तर याद राख."

पाठ फुटली नाही. लाली हळूहळू गेली आणि मी काठी घेऊन हिंडू लागले. पुढे तिच्या पोरी शिकायला येत, तेव्हा मी मुद्दाम खाटेवर निजायची. त्यांनी विचारलं की तोंड फिरवून "नाही" म्हणायची. पोरी रडकुंडीला यायच्या. सिस्टर खूश. "अशीच खडूस पेशंट पायजे!" फडकं कसं धरायचं हे मीही तेव्हाच शिकले. चौथी पास बाई मी, म्हातारपणी नर्सिंग शिकले.

मागच्या वर्षी ती गेली. सकाळी चहा ठेवला होता, तो उकळून उकळून आटला. गोंदियाहून तिचे भाऊ-भाचे आले. अंघोळ घालायला गल्लीतल्या बाया आत जमल्या. मी काठी टेकत गेले. दार उघडंच होतं. मी कडी वाजवली. बाया माझ्याकडे बघत राहिल्या. कोणी या म्हणेना, तशी मीच आत गेले.

त्यांनी चादर पार बाजूला केली होती.

"वर घ्या ती. जेवढं पुसायचं तेवढंच उघडायचं."

बादलीत कोपर बुडवलं. गार पाणी. "गरम आणा."

"आजी, आता तिले काय फरक पडते?"

"आणा म्हटलं ना."

कोमट पाणी आलं. मी खुर्ची ओढून तिच्या कानापाशी बसले. "बाई, मी आहे. तोंडापासून सुरू करते. साबण नाही लावत. पुसू का?"

आणि घटकाभर थांबले. बायाही थांबल्या. मग फडक्याची टोकं मुठीत घेतली.