हात कुठं गेले?

बारावी झाली आणि चित्रकला महाविद्यालयाच्या प्रवेशासाठी मी पोर्टफोलिओ तयार केला. ड्रॉइंगच्या इंटरमिजिएट परीक्षेला ए ग्रेड होती, शाळेच्या व्हरांड्यात माझी दोन चित्रं फ्रेम करून लावलेली होती. त्यामुळं जुळे सोलापुरात राहणाऱ्या आमच्या शाळेच्या निवृत्त ड्रॉइंग सरांकडे मी चित्रं घेऊन गेले ती, खरं सांगायचं तर, शाबासकी ऐकायलाच.

सरांनी कागद उडू नयेत म्हणून पंखा बंद केला आणि सगळी चित्रं फरशीवर मांडली. घामानं आम्ही दोघंही भिजलो, तरी सर एकेक चित्र निरखत राहिले. शेवटी म्हणाले, "या सगळ्यांचे हात कुठं गेले गं?"

मला आधी कळेना. मग दिसलं. भाजीवालीचे हात पदराखाली. रिक्षावाल्याचे खिशात. देवळाच्या पायरीवरचा म्हातारा तर गळ्यापर्यंत घोंगडीत.

"हात जमत नाहीत म्हणून सगळ्यांना थंडी वाजवलीस. सोलापुरात!"

सर हसले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ते बघून त्यांनी पंखा लावला, कागद उडाले तर उडू दिले.

"रडू नको. चेहरे येतात तुला, नजर आहे. म्हणून तर हे बोललो, नाहीतर 'छान' म्हणून वाटेला लावलं असतं. अजून वेळ आहे. कामातले हात काढ."

कामातले हात आमच्या घरातच होते. वैराग गाव सोडून शहरात आल्यापासून आई कडक भाकऱ्या करून खानावळींना द्यायची. दुसऱ्या दिवशी मी परातीसमोर पाट मांडून बसले. पण तिचे हात असे फिरत की डोळा ठरेना.

"आई, जरा थांब ना."

"थांबले तर भाकरी तुटंल की! तूच बिगीबिगी काढ."

मग मी नुसत्या रेघा ओढत राहिले. एका हातावर दुसरा, त्यावर तिसरा. कागदावर पीठ सांडायचं, ते झटकून पुन्हा काढायची. किती कागद वाया गेले कुणास ठाऊक. हळूहळू मनगटाचा झोक हाताला लागला, आणि तव्यानं पोळलेली ती बोटं मी पहिल्यांदाच नीट बघितली. इतकी वर्षं त्याच हातांचं खात होते.

आईनं पिठाचे हात पदराला पुसून चित्रं जवळ घेतली. मग म्हणाली, "बोटं लई जाड काढलीस." आणि थोड्या वेळानं, "पर हायेत खरी तशीच."

सरांनी त्यातली निवडक पोर्टफोलिओत ठेवली. काही ठिकाणी अंगठा चुकलाय म्हणाले, पण खोडू दिला नाही.

मुंबईच्या यादीत माझं नाव आलं नाही. ती संध्याकाळ वाईट गेली. सर स्वतः घरी आले, चहा घेतला, पुण्याच्या यादीपर्यंत धीर धर म्हणाले. पुण्याला नाव लागलं.

शेजारच्या काकूंनी आईला विचारलं, "पोरगी शिकून काय होणार म्हणं?"

"चित्रकार," आई म्हणाली. "म्हंजे काय ते मला बी न्हाय म्हाईत. पर तिला म्हाईत हाय."