बेल मोडणारी दोन मतं

आमच्या गावात कुठलीही गोष्ट पक्की करायची म्हणजे महादेवाच्या देवळात जाऊन बेल उचलायचा. पिंडीवरचं पान हातात घ्यायचं, बोलायचं ते बोलायचं आणि पान परत ठेवायचं. मग शब्द फिरवायची सोय नाही. वाटणी असो, सोयरीक असो, नाहीतर मत असो. आणि लोकांकडून बेल उचलवून घ्यायचा मान माझ्या सासऱ्यांचा. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामा पिंडीजवळ उभे राहून म्हणायचे, "बोल, इमानानं बोल." भलेभले त्यांच्यापुढं नरम यायचे. मामांना या मानापुढं शेतीवाडीसुद्धा दुय्यम होती.

जिल्हा तेव्हा नवा झाला होता. आधी कचेरीचं काम निघालं की उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता मुरुडहून एस्टी धरली की लातूर. कचेरी जवळ आली आणि पाणी लांब गेलं. दुसऱ्या सालीही पावसानं दगा दिला. गावातले आड आटले. आम्ही बायका माळापलीकडच्या विहिरीवरून पाणी आणायचो, सकाळी दोन खेपा, दिवस कलताना दोन. मी विशीतली, लग्न होऊन दोन वर्षं झालेली. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या तोंडाला कडी न्हाई की कोयंडा न्हाई." खरंच होतं ते.

तशात आमदारकीची निवडणूक आली. उभे राहिलेले दोघंही लातूर शहरातले, एक वकील आणि एक मोंढ्यातला बडा धान्यव्यापारी. शहरातली मतं दोघांत निम्मी निम्मी जाणार असं सगळे म्हणत होते, म्हणून दोघांनाही आमची खेडी आठवली. एरवी आमच्या गावचा रस्ता कोणाला ठाऊक होता?

वकील आधी आला. जुनी जीप, बरोबर दोन माणसं, चष्म्यावर धूळ. गाव देवळापुढं जमलं. मामा म्हणाले, "आमाला नळ पायजे. तुमी नळ आणतो म्हना, सगळं गाव बेल उचलून मत देतंय." वकिलानं मान हलवली. आता गप्प बसेन तर ती मी कसली! बायकांतून मी ओरडले, "गावानंच का उचलावा? सायबांनीबी उचलावा की!"

सासूबाईंनी मला चिमटा काढला. पण लोकांना ते पटलं. वकील आत गेला, चप्पल काढून. हात पुढं केला आणि पिंडीच्या वर तसाच धरून राहिला. हाताला कंप सुटलेला आम्ही सगळ्यांनी पाहिला. मग त्यानं हात मागं घेतला. म्हणाला, "कागद चार टेबलांवरून जातो. मी भांडेन, पण नळ येईलच असं माझ्या हातात नाही. उचलला आणि नाही आला, तर इथं उभा कसा राहू?"

लोक फिदीफिदी हसले. मीही हसले, खोटं कशाला सांगू? बेलाला भिणारा माणूस मुंबईत जाऊन काय दिवे लावणार?

चार दिवसांनी व्यापारी आला. पाच गाड्या, डोक्याला फेटा. फेट्याची सवय नव्हती, सारखा सावरत होता. "लई तरास हाय तुमाला, लई," असं म्हणायचा. घरून शिकून आला असावा. बेल म्हटल्याबरोबर तबकातली सुपारी उचलावी तसा त्यानं तो उचलला. "नळ आणतो!" म्हणाला आणि गाडीत बसलासुद्धा. गाव खूष. त्याच संध्याकाळी मामांनी घराघरातून एकेकाला बोलावून बेल उचलवून घेतला. मीही उचलला.

मतदानाच्या दिवशी मी पहाटेची खेप करून शाळेत गेले. मान अवघडलेली, घागरीखालच्या चुंबळीचा वळ अजून कपाळावर. शिक्का हातात घेतला आणि मला त्या व्यापाऱ्याचा असा राग आला म्हणून सांगू! आमच्या पाण्याची शपथ एवढी स्वस्त? शिक्का वकिलाच्या चित्रावर मारला आणि घामाघूम होऊन घरी आले.

व्यापारी निवडून आला. तेव्हा कुठल्या गावच्या पेटीत कोणाला किती, ते मोजणीवरून आलेली माणसं सांगायची. आमच्या पेटीत वकिलाला दोन मतं निघाली. एक माझं. दुसरं कोणाचं, देव जाणे.

गाव आधी हसण्यावारी नेत होतं. पण महिने गेले, नळाचं नाव नाही. मामा चार माणसं घेऊन लातूरला गेले. निवडून आलेल्या साहेबांनी त्यांना दुपारपर्यंत ओट्यावर बसवलं आणि मग सांगितलं, "बेल तुमच्या गावानं मोडला. दोन मतं फुटली. आता मी बांधील न्हाई." गरज सरो, वैद्य मरो! पण गावाला राग त्याचा नाही आला. राग आला त्या दोघांचा.

विहिरीच्या वाटेवर रोज त्या दोघांचा उद्धार व्हायचा. "मुडदा बशिवला त्यांचा, आमच्या डोक्यावरची घागर उतरू दिली न्हाई." मी त्याच बायकांबरोबर, तीच घागर घेऊन चालायची. हूं हूं करायची. घरात कळलं तर माहेरी पाठवतील ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती मामांची होती. त्यांच्या घरातूनच बेल मोडला म्हटल्यावर त्यांनी गावाला तोंड कसं दाखवायचं?

शेवटी गावानं ठरवलं, सगळ्यांनी पुन्हा बेल उचलून सांगायचं, 'मी मोडला न्हाई.' सोमवारी सगळं गाव देवळात. खोटा बेल उचलायचा की खरं बोलून मामांना मातीत घालायचं, माझं काही ठरत नव्हतं.

रिवाजाप्रमाणे पहिला बेल मामांचा. ते पिंडीपुढं उभे राहिले. हात पुढं गेला नाही. कोणीतरी म्हणालं, "उचला की." मामा वळले आणि म्हणाले, "दोनातलं एक माजं हाय."

एकदम गलका उठला. कोणी म्हणालं, म्हातारा दुसऱ्याला झाकतोय. कोणी म्हणालं, देवळाबाहेर काढा त्याला. एक पोरगेलासा माणूस त्यांच्या अंगावर धावला, आणि मला राहवलं नाही. "दुसरं माजं!" मी ओरडले. "काय करायचं ते दोघांचं करा."

आमचं काय व्हायचं ते झालं. मामांचा मान त्याच दिवशी गेला, दुसऱ्या घराला दिला. सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. नळ पुढं आला, पण बऱ्याच वर्षांनी, आणि तो कोणी आणला यावर अजून भांडणं होतात.

त्या सोमवारी देवळातून परतताना मामा पुढं आणि मी मागं, डोक्यावर पदर घेऊन. अर्ध्या वाटेत धीर करून विचारलं, "मामा, तुमी का वो दिलं त्याला?"

ते थांबले. आपला उजवा हात उलटासुलटा करून पाहिला.

"त्या मानसाचा हात थरथर कापला, बाई," ते म्हणाले. "बेलाजवळ जाताना कापला. आन् मी चाळीस वर्सं रोज बेल हाताळून ऱ्हायलो. माजा हात एकदाबी कापला न्हाई."