डाव्या बगलेतलं ठिगळ

आमच्या खालच्या मजल्यावरचे शिंपीमास्तर गप्प बसले की समजावं, तोंडात टाचण्या आहेत. एरवी गल्लीत कुणाचं पोट किती सुटलं हे त्यांच्याकडून काढून घ्यायचं आणि चारचौघांत पसरवायचं, हे माझं काम. माझ्या कमरेचं माप ते मुद्दाम मोठ्यानं वाचतात. मीही मग त्यांच्या टकलाला किती कापड लागेल ते विचारते.

तीन वर्षं झाली, देशात आपलीच माणसं आपल्याच माणसांवर गोळ्या झाडताहेत. मास्तरांचा एकुलता एक मुलगा सरकारी फौजेत, नदीच्या पुलावर. चार महिने पत्र नाही. पलीकडचं बलाढ्य राष्ट्र रेडिओवर रोज सांगतं, आम्ही सरकारला फक्त औषधं आणि सल्ला देतो, आमचा एकही शिपाई तुमच्या भांडणात नाही.

मंगळवारी आपल्याच फौजेचे चाळीस गणवेश मास्तरांच्या दुकानात उतरले. वापरलेले, धुतलेले. सोबत कप्तान.

"सगळे उसवून मोठे करा. छाती शेहेचाळीस, बाही दोन इंच लांब. गुरुवारी न्यायला येतो."

तो गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, अर्ध्या रेशनवर आपली पोरं एवढी फुगली कशी? हवा भरतात की काय?"

"ताई, ही मापं आपल्याकडची नाहीत. सल्ला देणाऱ्यांची आहेत."

मास्तरांची बायको, आमच्या वहिनी, मात्र खूश. "बरंच झालं. ते लढतील, आपला घरी येईल."

त्या आशेवर मास्तरांनी दोन दिवस मशीन थांबू दिलं नाही.

गुरुवारी मी दुकानात बसले होते. शेवटचा शर्ट त्यांनी उलटा केला आणि हात थांबले. डाव्या बगलेत त्रिकोणी ठिगळ. मुलगा डावखुरा, लहानपणापासून कपडे तिथंच फाडायचा, म्हणून मास्तर त्याला तेवढं एकाच बाजूला लावून देत. गणवेश मिळाला तेव्हाही लावलं होतं. टाके त्यांचेच. मी दोनदा पाहिले.

तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी मास्तर गप्प.

कप्तान आला तो एका धिप्पाड परक्या गड्याला घेऊनच. मास्तरांनी विचारलं, "हे ज्यांच्या अंगावर होते, ती मुलं कुठं आहेत?"

"रजेवर पाठवलीत."

"कुठं?"

"घरी."

"घर हेच आहे, साहेब."

कप्ताननं घड्याळ पाहिलं. तेवढ्यात त्या गड्यानं वरचाच शर्ट उचलून अंगात घालायला घेतला. खांद्यावर अडकला.

"हा मोठा करायचा राहिलाय," कप्तान म्हणाला.

"राहिला नाही. त्याचा मालक यायचाय." मास्तरांनी त्याच्या अंगावरून तो शर्ट हलक्या हातानं काढला, घडी केली आणि मांडीवर ठेवला. कप्ताननं त्या घडीकडे पाहिलं आणि उरलेले एकोणचाळीस उचलून चालता झाला.

आतून वहिनींनी विचारलं, "काय म्हणाला हो कप्तान? आपल्या पोराबद्दल काही?"

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. गल्लीभर बातम्या पोचवणारी मी, खाली पडलेले दोरे वेचू लागले.

"रजेवर आहे म्हणाला," मास्तर बोलले.

आत वहिनी त्याची खोली झाडायला लागल्या. केरसुणीचा आवाज येत राहिला.