बाटलीच्या तळाचा तपकिरी डाग

कपाट आवरताना काचेच्या बुचाची जुनी बाटली हाती लागली आणि तिच्या तळाचा तपकिरी डाग पाहून एक कोरडा श्रावण आठवला. त्या वर्षांत वाळूजच्या बाजूने शहर पसरत होते आणि पावसाने मात्र पाठ फिरवली होती. आटत चाललेल्या एका तलावाचे पाणी तपासायला मी गेलो, तेव्हा एका वयस्क मच्छीमाराने मत्स्यबीजाच्या फुगीर पिशव्या काठाशी तरंगत ठेवल्या होत्या. पिलांना पाण्याची सवय झाली की तो पिशव्यांची तोंडे सोडणार होता. मी बाटलीत पाणी भरून औषधाचे थेंब टाकले. आत दुधासारखा साका उतरला. "पांढरं झालं म्हंजी पाणी चांगलं हाय ना, साहेब?" त्याने विचारले. "नाही हो, काका. पाण्यात प्राणवायू असता तर साका तपकिरी झाला असता. नव्या वस्त्यांच्या सांडपाण्याने प्राणवायू संपवला आहे." त्याने पिशव्या काठावर ओढून घेतल्या. "ह्याच्यावरच वरीस काढायचं हाय. वरल्या तळ्याचं बी बघा की, पिशवीतला वारा सरायच्या आत." तोवर मी पुष्कळ पाणी तपासले होते, पण अमुकच रंग यावा अशी इच्छा कधी धरली नव्हती. वरच्या तळ्याकाठी मी थेंब टाकले आणि बाटली उजेडात धरली. हळूहळू बाटली तपकिरी झाली. "चहा झाला बघा," म्हणत त्याने गाठ सोडली. पिले क्षणभर पिशवीच्या तोंडाशी थबकली आणि मग खोल पाण्यात निघून गेली. तो डाग मी आजही घासला नाही.